तातीने ह्युलोला गर्दीत ढकललं ते बरंच केलं

फ्रेंच विनोदी नट-दिग्दर्शक झाक तातीचं नाव काढलं की लोक लगेच त्याच्या 'प्लेटाइम' या पिक्चरवर येतात, हट्टापायी कसा कंगाल झाला, पैशाची अक्कल नव्हती वगैरे वगैरे. अरे पण त्याने नेमकं केलं काय ते तरी बघा ना!

जन्म 1907 चा. आधी म्युझिक हॉलमध्ये टेनिसपटू, गोलकीपर, बॉक्सर यांच्या मूक नकला करायचा, पिक्चरकडे नंतर वळला. 1953 मध्ये ह्युलो आणला (हे पात्र तो स्वतःच करायचा), उंच, पुढे झुकून चालणारा, तोंडात पाईप आणि पँट आखूड (मिस्टर बीन आवडत असेल तर याला बघाच, बीनचा चुलता शोभेल). 1958 च्या 'मों ऑंक्ल'ला तर परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. म्हणजे हातात खणखणीत नाणं होतं, दुसरा कुणी असता तर ह्युलोचेच दहा पिक्चर काढून निवांत बसला असता.

ह्याने काय केलं, तर 'प्लेटाइम'साठी पॅरिसच्या बाहेर काचेच्या इमारती, रस्ते असं अख्खं शहर उभं केलं, त्याला तातीविल नावच पडलं, 70 एमएमवर वर्षानुवर्षं शूटिंग चाललं, आणि एवढा खर्च करून ह्युलो कुठे, तर मागे गर्दीत! वर त्याच्यासारखेच दिसणारे दुसरे लोक सोडलेत, आपण फसतो. क्लोजअप नाहीच, कुठे बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. हॉटेलचा सीन घ्या, काचेचा दरवाजा फुटतो आणि दरवान नुसती पितळी मूठ हातात धरून हवेतच दार उघडतोय, बंद करतोय, गिऱ्हाईकं बिनदिक्कत आत येतायत. ही गंमत कुणी बोट दाखवून सांगत नाही, नजर दुसरीकडे असली तर गेली.

1967 मध्ये पिक्चर आपटला, तो कर्जात बुडाला, स्वतःच्याच फिल्म्सचे हक्क हातातून गेले. तातीविलही पाडून टाकलं. मान्य, धंदा म्हणून शुद्ध आत्मघात. पण ह्युलो पुढे असता तर आपण दोन तास फक्त त्यालाच बघत बसलो असतो, तो दरवान कुणाला दिसला असता?

1971 च्या 'ट्राफिक'मध्ये ह्युलोला परत पुढे आणावं लागलं. हसू येतं, नाही असं नाही, पण मला त्यात जीव कमी वाटतो. सुरुवात करायची तर 'मों ऑंक्ल'पासून करा, आणि 'प्लेटाइम' कृपा करून मोबाईलवर बघून मग बोअर आहे म्हणून सांगायला येऊ नका 🙏