सलून काढू इच्छिणाऱ्यांसाठी चार शब्द

मागच्या महिन्यात न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो असताना त्याने हौसेने चाळीस डॉलर भरून मला मॅनहॅटनमधील एका 'गुन्हेगारी पदयात्रे'ला पाठवले. गळ्यात माइक अडकवलेला वाटाड्या एकोणिसाव्या शतकातील सलूनमालकांचे प्रताप असे रंगवून सांगत होता, की कीर्तनकाराने गोकुळातील खोड्या सांगाव्यात. तेव्हापासून माझी खात्री पटली आहे, की मरणोत्तर कीर्ती हवी असेल तर शाळा काढण्यात किंवा विहीर खणण्यात काही अर्थ नाही. वाचकहो, तुम्ही न्यूयॉर्कमध्ये दारूचे सलून काढा. फक्त ते दीडशे वर्षांपूर्वी काढा. आपल्याकडच्या सलूनमध्ये केस कापतात आणि तिथे केसाने गळा कापत, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे.

हप्ता वेळेवर पोहोचवा.

पोलिसांना नावे ठेवू नका, कारण त्यांचेही पोट आहे. १८७६ मध्ये कॅप्टन अलेक्झांडर विल्यम्स यांची सलूनांनी आणि जुगारखान्यांनी गजबजलेल्या भागात बदली झाली, तेव्हा इतके दिवस साध्या मांसावर भागवले, आता 'टेंडरलॉइन' म्हणजे लुसलुशीत तुकडा मिळेल, असे ते म्हणाले आणि त्या वस्तीला तेच नाव चिकटले. पुढे १८९४ मध्ये पोलिसांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या लेक्सो समितीने संपत्तीचा उगम विचारला, तर साहेबांनी जपानमधील जमिनींच्या व्यवहाराकडे बोट दाखवले. (जपानचा सातबारा कोण तपासणार?) त्याच समितीपुढे टिमथी क्रीडन या दुसऱ्या कॅप्टनने पदासाठी १५,००० डॉलर मोजल्याची कबुली दिली. ही रक्कम वसूल कोणाकडून होणार, हे ज्याला विचारावे लागते त्याने या धंद्यात पडूच नये.

कायदा आला तर घाबरू नये. १८९६ च्या रेन्स कायद्याने रविवारची दारू केवळ हॉटेलांना, तीही जेवणाबरोबर देण्याची मुभा ठेवली आणि हॉटेल म्हणजे किमान दहा खोल्या, अशी अट घातली. सलूनवाल्यांनी माडीवर फळ्या ठोकून दहा खोल्या पाडल्या, त्या तासांवर देऊ लागले, आणि एकच वाळलेले सँडविच दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरवले.

राजकारणात उतरा. सलूनमालक 'बिग टिम' सुलिव्हन १८८६ मध्ये राज्याच्या विधानसभेत पोहोचला. मतदार दाढीवाले निवडावेत, म्हणजे एकदा दाढीसह, मग कल्ल्यांसह, मग नुसत्या मिशांसह आणि शेवटी गुळगुळीत होऊन त्यांना चारदा मत देता येते, ही युक्ती त्याच्या नावावर सांगितली जाते. खऱ्या सलूनची गरज पडते ती अशी.

करमणूकही हवी. वॉटर स्ट्रीटवर २७३ क्रमांकाच्या इमारतीत किट बर्न्स उंदरांचा आखाडा चालवीत असे. त्यात उंदीर सोडायचे, मग कुत्रा सोडायचा, आणि तो किती वेळात किती मारतो यावर पैजा लावायच्या. १८६८ मध्ये धर्मसुधारकांनी तिथे प्रार्थनासभा घ्यायचे ठरवले, तर पठ्ठ्याने त्यांच्याकडूनही भाडेच घेतले.

उरली प्रसिद्धी, आणि ती मात्र मॅकगर्ककडून शिकावी. बॉवरी या रस्त्यावरील त्याच्या सलूनमध्ये खलाशांच्या करमणुकीसाठी ज्या मुली असत, त्यांतील अनेकींना दुसरीकडे कोठेही थारा उरलेला नव्हता. १८९९ या एका वर्षात तिथे किमान सहा आत्महत्या झाल्या. कार्बोलिक आम्ल औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळत असे, आणि ते तोंडापासून घशापर्यंत जाळत जाते. दुसरा कोणी हादरला असता. मॅकगर्कने त्या जागेचे नावच 'सुइसाइड हॉल' करून टाकले आणि गिऱ्हाईक वाढवले.

ती इमारत २००५ मध्ये पाडली गेली. त्या जागेसमोर उभे राहून आमचा वाटाड्या म्हणाला, "इथले कॉकटेल जरा जास्तच कडक होते," आणि वीस माणसे खदखदून हसली.

अरे, लाज कशी वाटत नाही? तोंड जळालेल्या पोरीवर विनोद करायला तिला मरून किती वर्षे व्हावी लागतात? मालकांची टोपणनावे तुम्हाला तोंडपाठ आहेत, कुत्र्याने मारलेल्या उंदरांची मोजदाद आहे, आणि त्या मुलींपैकी एकीचेही नाव त्या दोन तासांत कोणी घेतले नाही. उंदरांच्या वेळी मीही हसलो होतो, हे कबूल करतो. मुलींची नावे मी वाटाड्याला विचारली, तेव्हा त्याने घड्याळ पाहिले आणि पुढच्या थांब्यावर फोटो फार छान येतो, असे सांगितले.