नऊ वर्षांचे टायर आणि समृद्धी: नागपूरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. पाच वर्षांनी टायर बदला हे मी लिहिलं, ती टायर कंपन्यांची जाहिरात आहे. तुमची गाडी २०१६ ची, चाललीय फक्त २१ हजार किलोमीटर, टायरवरच्या खाचांची नक्षी नव्यासारखी आहे. तुम्ही नायट्रोजन भरता. वयाची अट कायद्यात कुठेच नाही. मग पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने चार टायरचे वीस हजार का मोजायचे?

आधी तुमचं जिथे बरोबर आहे ते. "पाच वर्षं झाली की बदलाच" हे माझं वाक्य चुकीचं होतं. मूळ लेखात ते दुरुस्त केलंय. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाका, असं मिशेलिनसारखी टायर कंपनी स्वतःच सांगते. काही गाडी उत्पादक सहा वर्षांवरच थांबायला सांगतात. म्हणजे पाचव्या वाढदिवसाला टायर भंगारात टाका असं कंपन्याही म्हणत नाहीत, मीच घाईने म्हणालो. राहिलं जाहिरातीचं. या ब्लॉगवर लिहिण्याबद्दल मी आजवर कुणाकडून एक रुपयाही घेतलेला नाही.

आता नक्षीबद्दल. तुमचा सगळा भरवसा तिच्यावर आहे आणि माझी काळजी तिथूनच सुरू होते. टायर किती झिजला एवढंच नक्षी सांगते. आतलं रबर किती जुनं झालंय, हे तिला विचारून कळत नाही.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मामींना घेऊन सोलापूरहून पुण्याला येत होतो. इंदापूरच्या अलीकडे डाव्या बाजूचा मागचा टायर पंक्चर झाला, म्हणून स्टेपनी काढली. गाडी घेतल्यापासून ती एकदाही रस्त्याला लागली नव्हती. नवीन टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते तसेच होते. मामी म्हणाल्या, "बरं झालं, नवाकोरा आहे." मलाही तसंच वाटलं. भिगवण मागे टाकलं आणि मागून थडथड ऐकू यायला लागली. आधी वाटलं रस्ताच खराब असेल. मग स्टिअरिंग थरथरायला लागलं. वेग कमी करत कडेला घेतोय तोवर नक्षीचा अख्खा पट्टा सालीसारखा निघाला आणि मडगार्डचं अस्तर फाडून लोंबायला लागला. टायरमध्ये हवा अजून होती! वरचा थर तेवढा सुटला होता. टायरच्या कडेवर लिहिलेला, तो कधी बनला हे सांगणारा आकडा मी तिथे उन्हात उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा वाचला. टायर बारा वर्षांचा होता. ताशी साठच्या आत होतो आणि मागे ट्रक नव्हता, म्हणून मामी घरी पोचल्या.

असं का होतं? टायरच्या आत तारांचे पट्टे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं रबर असतं. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता मिळून ते रबर हळूहळू कडक करतात, त्याची पकड सुटत जाते. बाहेरच्या बाजूला ऊन आणि ओझोन काम करत असतात. त्यांच्यापासून वाचवायला रबरात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, वाकतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येतात. गाडी उभीच राहिली तर ती पुरेशी वर येत नाहीत. म्हणून "गाडी फार चालत नाही" ही टायरच्या बाजूने साक्ष होत नाही. नायट्रोजनने हवा सावकाश कमी होते, हा फायदा खरा. बाहेरच्या उन्हाला तो काही करू शकत नाही.

आणि ऊन कुठलं, तर नागपूरचं. अमेरिकेत एनएचटीएसए ही रस्ता सुरक्षेची सरकारी यंत्रणा आहे. तिने एका मोठ्या विमा कंपनीकडची माहिती तपासली. त्या कंपनीचे २७ टक्के ग्राहक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि अॅरिझोना या पाच उष्ण राज्यांतले होते, पण टायरचे ७७ टक्के दावे तिथून आलेले. त्यातले ८४ टक्के सहा वर्षांपेक्षा जुन्या टायरचे. विदर्भातला मे महिना त्या राज्यांपेक्षा सौम्य आहे असं तुम्हीही म्हणणार नाही.

कायद्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. आपल्याकडे कारच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, खाजगी गाडीच्या टायरच्या वयावर बंधन नाही. ब्रिटनमध्येही नव्हतं. १० सप्टेंबर २०१२ ला आइल ऑफ वाइटच्या संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि चालकासह तिघे गेले. तो टायर १९ वर्षांचा होता, बसपेक्षाही जुना. गेलेल्या एका मुलाची आई त्यानंतर वर्षानुवर्षं कायद्यासाठी झगडली. १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही. कायदा यायला साडेआठ वर्षं लागली, काका. आपण कशाला थांबायचं?

तुम्ही लिहिलंय की दर डिसेंबरला मुलीकडे मुंबईला जाता आणि आता समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्याने एका दमात पोचता. मला खरी भीती त्याचीच आहे. वर्षभर बाजार आणि दवाखाना, ताशी तीस-चाळीस. मग एके दिवशी चार माणसं, डिकीत संत्र्यांच्या पेट्या, सिमेंटचा सरळ रस्ता आणि ताशी १२० ची मुभा. तुमच्या ४० वर्षांच्या ड्रायव्हिंगबद्दल मला आदर आहे, पण त्यातली बहुतेक वर्षं अशा वेगाचा रस्ताच नव्हता. त्यात हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो. जुन्या रबराला ते सोसत नाही.

तेव्हा एवढं करा. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३४१६ असेल तर २०१६ सालचा ३४ वा आठवडा. बाहेरच्या बाजूला आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, मेकॅनिकला खालून बघायला सांगा. मग टायर कोरड्या फडक्याने पुसा. वॉशिंगवाल्याने पॉलिश मारलेलं असेल तर भेगा त्याखाली लपतात. कडेला आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसतात का, ते बॅटरीच्या उजेडात बघा. कुठे फुगा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील, तर त्या टायरवर गाडी हलवूच नका. आणि स्टेपनी विसरू नका.

पैशांची अडचण मी समजू शकतो. चारही एकदम जमत नसतील तर आत्ता दोन घ्या आणि ते मागे बसवा. नवे टायर पुढे टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सरकली तर गाडी फिरते, ती सावरणं पुढची सरकण्यापेक्षा कठीण. उरलेले दोन मिळेपर्यंत गाडी गावातच चालवा, मुंबईला रेल्वेने जा. दुकानात पैसे देण्याआधी नव्या टायरचेही चार आकडे वाचा. घसघशीत सूट मिळत असेल तर नक्की वाचा, कधीकधी तो दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल असतो.

पाचही टायरचे आकडे इथे कळवा, भेगांचे फोटो असतील तर तेही पाठवा. मी बघून सांगतो.