सिनेमा न बघता सिनेमातलं कळावं कसं

सिनेमातला जाणकार व्हायचंय? मग तिकीट काढायची घाई करू नका. बघून आलेला माणूस चाचरतो, हे बरं होतं, ते जरा लांबलं म्हणतो. तुमचं मत ट्रेलरवर बेतलेलं, त्यामुळे एकदम ठाम. सोलापुरात सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर कटिंग हातात आली की 'हिरोच चुकला बे' एवढं बोलायचं आणि फुर्रकन घोट घ्यायचा. कोण हवा होता ते समोरचा सांगेल. त्यानं कुणाचंही नाव घेतलं तरी 'तो तर आणखीनच' म्हणून सोडून द्या.

एखादा शहाणा मध्येच म्हणेल, की १९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात कामाला असलेल्या साळुंक्यांना साडी नेसवली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच. गडबडू नका. 'त्याला म्हणतात कास्टिंग,' म्हणा.

गोष्ट आपल्या जिल्ह्यावर आली, जेऊरचे नागराज मंजुळे, अकलूजची रिंकू राजगुरू अशी नावं निघाली, की मात्र सूर बदलायचा. ऑडिशनला आपणही निघालोच होतो, एसटी चुकली. (सोलापुरात अशी एसटी चुकलेली निदान शंभर माणसं मलाच भेटली आहेत. एवढी माणसं एका गाडीत मावली असती कशी, कोण जाणे.)

तेलुगू सिनेमाला पूर्व भागातला, घरी तेलुगूच बोलणारा मित्र सोबत घ्या आणि संवादांचा अर्थ त्यालाच समजावून सांगा.

पार्श्वसंगीताला एकच वाक्य पुरतं: 'बॅकग्राउंड फार लाऊड झालंय.' अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत वाजवून घेतला. इतक्या लांबून आलेली व्हायोलिनं वाजत असताना आपण गप्प बसणं बरं दिसत नाही. शेजाऱ्याशी प्लॉटचा भाव बोलायला हीच वेळ.

पण खरी संधी 'सैराट'च्या शेवटी. तिथं दिग्दर्शकानं आवाजच काढून घेतलाय. २०१६ साली मी बघत होतो तेव्हा अख्खं थिएटर गार पडलेलं, पडद्यावर त्या लहानग्याची लाल पावलं उमटत होती, आणि माझ्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी वेफर्सचं पाकीट फोडायला घेतलं. आधी दातानं, मग नखानं. नंतर कुणाला त्रास नको म्हणून अगदी हळूहळू. चर्र... थांबले... चर्र. भला माणूस! एका झटक्यात फाडलं असतं तर सुटलो असतो. अजून कुणी त्या सिनेमाचं संगीत काढलं की मला आधी ती चर्र ऐकू येते.

एक प्रश्न तेवढा गाड्यावर कधीतरी येणारच: 'पण तू बघितलास का बे?'

कपातला गाळ न्याहाळत म्हणायचं, 'टीव्हीवर लागंल की. तू अजून दोन सांग.'