सायलेन्सर खरोखर ताकद खातो का? एका फिरत्या दाव्याला उत्तर

ट्रॅक-डे, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवण्याचा दिवस, त्यासाठीच्या हलक्या गाड्यांविषयीचा एक मजकूर गेले काही महिने हातोहात फिरत आहे. पुण्यातल्या एका मित्राने तो मला पाठवला आणि मी इंग्लंडमध्ये ज्या सामायिक गॅरेजात गाडी ठेवतो, तिथेही त्याच आशयाचे बोलणे रोज कानावर पडते. मजकुराचा गोषवारा असा: सायलेन्सर इंजिनाची ताकद खातो, तरीही ट्रॅकवरची ध्वनिचाचणी पार करायचीच असेल, तर एक्झॉस्टच्या तोंडात बॅफलची, म्हणजे वाट अरुंद करणारी, पुंगळी बसवावी किंवा नळीचे तोंड जमिनीकडे वळवावे, आवाज मागून येतो, त्यामुळे इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा ओढते त्या बाजूकडे, लक्ष देण्याचे कारण नाही, आणि हे निर्बंध मुळात ट्रॅकशेजारी मागाहून राहायला आलेल्या लोकांच्या कुरकुरीतून आले आहेत. यातल्या प्रत्येक विधानात चिमूटभर तथ्य असल्यामुळेच ते पटकन पटते, आणि म्हणूनच ते सुटे सुटे करून तपासणे भाग आहे.

ताकदीपासून सुरुवात करू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा दाबाची एक लाट नळीतून धावत जाते. चार नळ्या जिथे एकत्र येतात तिथे वाट अचानक रुंद होते आणि कमी दाबाची लाट उलटी फिरून सिलिंडरकडे परतते. इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना ती पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजी हवा आत यायला मदत करते. इंजिनाला मिळणारा एक्झॉस्टचा लाभ मुख्यतः इथे, नळ्यांच्या लांबी-व्यासात, ठरतो. सायलेन्सर त्याच्या बराच पुढे असतो. सरळ वाटेच्या सायलेन्सरमध्ये आतली सच्छिद्र नळी मूळ पाइपाच्याच व्यासाची असते. वायू सरळ निघून जातो, आवाज मात्र छिद्रांतून बाजूच्या ग्लास वूलमध्ये (काचेच्या लोकरीत) किंवा बसाल्टच्या तंतूंमध्ये शिरून तिथेच जिरतो. अशा सायलेन्सरने घेतलेली ताकद डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरसुद्धा, सहज दिसत नाही. वायूला उलटसुलट फिरवणारे, अनेक कप्प्यांचे सायलेन्सर निश्चित अडथळा करतात. दाव्यातले तथ्य एवढेच.

गंमत अशी की खरी ताकदखाऊ वस्तू म्हणजे याच मजकुराने सुचवलेली पुंगळी. ६३ मिलिमीटरच्या नळीत ३८ मिलिमीटरची पुंगळी बसवली, तर वाहण्याचे क्षेत्रफळ जेमतेम छत्तीस टक्के उरते. आवाज कमी होतो, पण तो नरड्यावर पाय ठेवून. वर उंच आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अरुंद भोकातून निसटणारा वायू स्वतःच शिट्टीसारखा सूं सूं आवाज करू लागतो.

नळीचे तोंड वळवण्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. ब्रिटनमधल्या नेहमीच्या स्थिर, म्हणजे गाडी उभी ठेवून घेतलेल्या, चाचणीत मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात धरतात. तोंड फिरवले की मायक्रोफोनही त्याच्याबरोबर फिरतो. ट्रॅकच्या कडेला धरलेल्या मीटरसाठी थोडा फरक पडू शकतो, पण तोही कर्कश, उंच स्वरांपुरता. चार सिलिंडरचे इंजिन ६००० आरपीएमवर सेकंदाला २०० स्फोट करते. मोकळ्या हवेत त्या स्वराची लाट पावणेदोन मीटर लांब भरते. अडीच इंची नळी तिला दिशा देऊ शकत नाही, ती चहूकडे पसरते.

आता इनटेक. दाव्याची सर्वांत मोठी चूक इथेच आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे.

माझी गाडी १९५७ च्या लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घडणीची आहे: सहाशे किलोच्या आत वजन, दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि त्यावर चार उघडे तुतारीसारखे भोंगे, वर फोमचे पातळ मोजे. एका ट्रॅक-डेच्या सकाळी स्थिर चाचणीत ती मर्यादेच्या बऱ्याच खाली राहिली. तिसऱ्या फेरीतच झेंडा दाखवून मला बाहेर काढण्यात आले, कारण चालत्या चाचणीत, म्हणजे धावत्या गाडीचा आवाज ट्रॅकच्या कडेवरून मोजतात त्या चाचणीत, गाडी मर्यादा ओलांडून गेली होती. मी दुपारभर एक्झॉस्टशी झगडलो. कुठे गळती आहे का म्हणून सांध्यांवर हात फिरवला, मित्राकडून दुसरा सायलेन्सर मागून घेतला, तोही पालथा-सुलटा करून पाहिला. मीटरचा काटा अर्ध्या डेसिबेलपलीकडे हलेना.

कारण साधे होते. स्थिर चाचणीत इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमच्या साधारण तीन-चतुर्थांशावर धरतात, पण त्यावर कोणताही भार नसतो. एवढा वेग राखायला थ्रॉटल थोडासाच उघडावा लागतो आणि जवळजवळ बंद झडपेमागचा इनटेक गप्प बसतो. सरळ रस्त्यावर मात्र थ्रॉटल पूर्ण उघडे असते, आणि प्रत्येक इनटेक व्हॉल्व्ह उघडताना होणारा हवेचा धक्का चारही भोंग्यांतून थेट बाहेर येतो. ते भोंगे माझ्या गाडीत बॉनेटच्या बाजूच्या भोकातून, नेमके मीटर असलेल्या दिशेला तोंड करून होते.

डेसिबेलचा हिशोबही इथे समजून घेतला पाहिजे, कारण तो बेरजेचा नाही. मीटरजवळ एक्झॉस्टचा आवाज ९० आणि इनटेकचाही ९० डेसिबेल असेल, तर एकूण आवाज १८० होत नाही, ९३ होतो. एक्झॉस्ट संपूर्ण मुका केला तरी ९० उरतातच. म्हणजे कितीही खर्च केला तरी हाती लागतात तीन डेसिबेल. दोन उगमांपैकी जो मोठा, त्यालाच आधी हात घालायचा असतो. तो कोणता हे ओळखण्याची युक्तीही फुकटातली आहे: त्याच जागेवरून एकदा पूर्ण थ्रॉटलवर आणि एकदा त्याच आरपीएमवर थ्रॉटल सोडून गाडी न्यायची. सोडल्यावर आवाज एकदम कोसळला, तर संशयाची सुई पुढे, भोंग्यांकडे वळते. ही पक्की कसोटी नव्हे, कारण थ्रॉटल सोडल्यावर एक्झॉस्टही मवाळ होतो. पण कानाला फरक कळतो.

यावर हमखास येणारा प्रश्न: भोंग्यांवर बंद एअरबॉक्स, म्हणजे हवेची पेटी, लावला तर इंजिन गुदमरणार नाही का? हिशोब करून पाहू. दोन लिटरचे इंजिन ७५०० आरपीएमवर मिनिटाला सुमारे ७५०० लिटर, म्हणजे सेकंदाला १२५ लिटर हवा घेते. ७५ मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीतून ती सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने जाईल. वाहिनीच्या टोकाला हा वेग पूर्ण वाया गेला असे धरले, तरी तोटा सुमारे ४७० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरतो. उलट बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी गरम असली, तर २० अंशांची थंड हवा घेण्याच्या तुलनेत तिची घनता सुमारे पाच टक्क्यांनी कमी असते. बॉनेटखाली उघडणारे भोंगे हीच गरम हवा पितात. नाकासमोरून थंड हवा आणणारा एअरबॉक्स आवाज दाबताना ताकद परत देऊ शकतो; फक्त भोंग्यांची लांबी आत तशीच राखावी, आणि त्यांच्या तोंडासमोर पेटीची भिंत चिकटू देऊ नये.

दहा लिटरची पेटी आणि तिच्या पुढे ७५ मिलिमीटरची, चाळीस सेंटिमीटर लांबीची वाहिनी ही जोडी मिळून साधारण ५७ हर्ट्झला (सेकंदाला ५७ कंपनांना) घुमते. त्याहून बऱ्याच वरचे स्वर, म्हणजे आपले २०० ते २५० हर्ट्झ, ती फारसे बाहेर येऊ देत नाही. पेटी मात्र पातळ प्लास्टिकची नसावी. माझी पहिली पेटी तशी होती, आणि भिंतीच ढोलाच्या पुडीसारख्या थरथरत असल्यामुळे आवाज वाहिनीऐवजी भिंतींतून बाहेर आला. आतून कंपनरोधक पत्रा चिकटवून आणि दोन आडव्या पट्ट्या मारून ते थांबले. तेवढ्याने वजन वाढले सातशे ग्रॅम.

शेजाऱ्यांविषयीचा मुद्दा तांत्रिक नाही, तरी तो चुकीचा म्हणून नोंदवतो. सफकमधल्या मिल्डनहॉलजवळच्या स्टेडियमच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की तक्रारदार मागाहून राहायला आला, एवढ्यावरून उपद्रवाचा दावा सहसा फेटाळता येत नाही. त्याआधी २००९ मध्ये यॉर्कशरमधल्या क्रॉफ्ट ट्रॅकला अपील न्यायालयाने गोंगाटाचे दिवस वर्षाला ४० वर आणण्याचा आदेश दिला होता. मर्यादा ओलांडणारी एक गाडी सगळ्यांचे दिवस खाते, ही वस्तुस्थिती आहे. बुलेटचे फेरफार केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले जाताना पाहिलेल्या वाचकांना हे परके वाटू नये.

दाव्यात एक गृहीतक न बोलता दडलेले आहे: एकदा बसवलेला सायलेन्सर कायम तसाच राहतो. तो राहत नाही. मीटर कानासारखाच उंच स्वरांना जास्त मोजतो. १२५ हर्ट्झच्या घुमण्याला तो सुमारे १६ डेसिबेलची सूट देतो, १००० हर्ट्झच्या कर्कश स्वराला काहीच नाही. तंतूंचे भरण नेमके हेच कर्कश स्वर खाते, आणि तेच आधी जळते, तुटते, छिद्रांतून उडून जाते. मागच्या हिवाळ्यात मी रिव्हेट्स ड्रिलने काढून सायलेन्सर उघडला, तेव्हा आत पुढच्या टोकाला हाताच्या तळव्याएवढी रिकामी जागा होती आणि उरलेली लोकर काळी, भुसभुशीत झालेली होती. नवे भरण स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घातले आणि संपूर्ण सायलेन्सरचे वजन त्याच्या तळाशी कायमच्या शाईने लिहून ठेवले. आता वर्षातून एकदा तो उतरवून फक्त वजन करतो. दीडशे ग्रॅम घटले की उघडतो.