कासवाचे अंथरूण दर रविवारी बदलू नका
ठाण्यातील प्राणिपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेल्या पावसाळ्यापासून एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा, की कासवाच्या पेटीतील अंथरूण दर रविवारी संपूर्ण काढावे, पेटी फिनेलने धुवावी, ओलीमुळे बुरशी आणि न्यूमोनिया होत असल्याने नवे अंथरूण ठणठणीत कोरडे ठेवावे, शक्यतो कोकोपीटऐवजी (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाऐवजी) वाळू किंवा वर्तमानपत्र घालावे आणि काढलेले कोकोपीट कुंड्यांत खत म्हणून टाकावे. हा संदेश पाळून मी माझ्या लाल पायांच्या कासवाला त्रास दिला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत घातक मुद्दा कोरडेपणाचा आहे. लाल पायांचे कासव दक्षिण अमेरिकेतील दमट प्रदेशातले असून त्याला सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता मानवते. सल्काटा हे आफ्रिकेतील साहेल पट्ट्यातले कासव असले, तरी त्याची पिल्ले दिवसाचा बराच वेळ बिळातल्या दमट हवेत काढतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या वीस्नर आणि इबेन यांच्या अभ्यासात सल्काटाच्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे येण्याचे मुख्य कारण आहारातील प्रथिने नसून कोरडी हवा असल्याचे दिसून आले, आणि हे उंचवटे एकदा आले की पुन्हा सपाट होत नाहीत. न्यूमोनियाचे भय खोटे नाही, परंतु तो प्रामुख्याने ओल आणि गारठा एकत्र आल्यावर होतो. त्यामुळे जानेवारीच्या रात्री दिव्याने पेटी उबदार ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, अंथरूण वाळवणे नव्हे. शिवाय ओल खालच्या थरात असावी लागते. पेटीच्या कोपऱ्यांत पाणी ओतले की ते तळाशी पसरते आणि वरचा थर हाताला जेमतेम दमट लागतो. वरचाच थर चिखलासारखा राहिला, तर मात्र पोटाकडील कवच कुजू शकते. जुलैत हवाच इतकी दमट असते की मी आठ-आठ दिवस पाणी घालत नाही, आणि वातानुकूलन यंत्र चालू असलेल्या मे महिन्यात एक दिवसाआड घालावे लागते. भिंतीवरचे आर्द्रतामापक पाहून हे ठरवावे, वार पाहून नव्हे.

पांढरी बुरशी दिसताच सारे अंथरूण फेकणारेही अनेक आहेत. नव्या कोकोपीटवर असे कापसासारखे तंतू पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याचदा येतात. तेवढा भाग चमच्याने काढावा, उरलेले कोकोपीट परतावे आणि हवा खेळती ठेवावी.

दर आठवड्याला सारे बदलण्याचा हिशेबही पाहावा. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटीत चार इंच थर म्हणजे सुमारे पंचाहत्तर लिटर कोकोपीट, म्हणजे नर्सरीत मिळणारी पाच किलोची जवळजवळ एक वीट. वर्षाला अशा बावन्न विटा कोणी आणणार नाही, आणि त्याची गरजही नाही. विष्ठा, उरलेली पाने आणि मूत्राबरोबर पडणारा खडूसारखा पांढरा भाग रोज उचलावा, पाण्याच्या थाळीभोवतालचे कोकोपीट आठवड्याला बदलावे, आणि सगळे अंथरूण साधारण चार-पाच महिन्यांनी काढावे. दुर्गंधी, माइट (गोचिडीसारखे बारीक जीव) किंवा जंत आढळले, तर मात्र त्याच दिवशी. हा पांढरा भाग मऊ आहे की रेतीसारखा खरखरीत, हे रोजच्या उचलण्यातच कळते, आणि खरखरीत असेल तर कासवाला पाणी कमी पडते आहे. माझे कासव रोज संध्याकाळी एकाच कोपऱ्यात पुढच्या पायांनी उकरून इतके आत शिरते की पाठीचा थोडासाच भाग वर दिसतो. मी दर रविवारी सारे उपसत होतो, तेव्हा ते तो कोपरा सोडून पेटीच्या भिंतीलगत येरझारा घालत असे.

फिनेलविषयी थोडक्यात: फिनॉलयुक्त द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात. मला ते एका दुकानदारानेही सुचवले होते, आणि पेटी धुतल्यानंतर तीन दिवस कासवाचे डोळे पाणावलेले राहिले आणि त्याने अन्नाला तोंड लावले नाही. कासवाला दुसरीकडे ठेवून, पेटी साबणाच्या पाण्याने घासून, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटे लावून, वास जाईपर्यंत धुऊन वाळवणे पुरेसे आहे.

वाळू अन्नाबरोबर पोटात जाऊन आतडे अडवू शकते. वर्तमानपत्र आजारी कासवाच्या तात्पुरत्या पेटीत चालते, परंतु त्यावर कासवाचे पाय घसरतात आणि त्याला उकरता येत नाही. कोकोपीटही खताविनाच घ्यावे, आणि त्यात बऱ्याचदा मीठ असल्यामुळे भिजवून दोन-तीन वेळा पिळून घ्यावे.

राहिला कुंड्यांचा मुद्दा. निरोगी कासवाच्या विष्ठेतूनही माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू बाहेर पडतात आणि मातीत ते कित्येक आठवडे टिकतात, म्हणून बाल्कनीतल्या कोथिंबीर, पुदिना किंवा तुळशीच्या कुंडीत हे कोकोपीट कधीही टाकू नये, विशेषतः घरात पाच वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री किंवा वृद्ध माणूस असेल तेव्हा. मी ते हातमोजे घालून पिशवीत बांधतो, पिशवी कचऱ्यात देतो, आणि उचलण्याचा चमचा स्वयंपाकघरात न धुता न्हाणीघरात धुतो.