चिंचोके, राजमा आणि ‘दुप्पट एकाग्रता’

बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: दीड वर्षाच्या मुलाला राजमा-चिंचोके निवडायला बसवा, तीन महिन्यांत एकाग्रता दुप्पट आणि अक्षर मोत्यासारखं!

आधी धोक्याचं बोलू. ३ वर्षांखालचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, नाकातसुद्धा. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू या वयाला चालत नाही. चिंचोका त्यात सहज मावतो. राजमा तर नाकातल्या ओलाव्याने फुगून बसतो.

‘दुप्पट’ला काही आधार नाही, एकाग्रता काय तराजूत मोजली? खरं एवढंच, की चिमटीची पकड ९ ते १२ महिन्यांत येऊ लागते आणि सरावाने बोटं सफाईदार होतात. अक्षराची घाई कशाला? तिसऱ्या वर्षी मनगटाची आठही हाडं पुरती तयार नसतात.

पोळ्या लाटताना कणकेचा एक गोळा मुलाच्या हातात द्या. पिठाने फरशी माखेल, माखू दे. प्लास्टिकच्या बांगड्या उभ्या लाटण्यात ओवू द्या. चार वर्षांपुढे ‘शिवाजी म्हणतो’ घ्या: ‘हात वर’ ऐकूनही, ‘शिवाजी म्हणतो’ आलं नसेल तर हात आवरावा लागतो. लक्ष द्यायचा खरा सराव तिथे होतो.