आयतं भेटलं म्हणे!

आज सकाळी आमच्या फ्लॅट स्कीममध्ये झेंडावंदन झालं, मग समोसा-जिलेबी आणि नेहमीच्या गप्पा. तिसऱ्या माळ्यावरचा एक मुलगा, चांगला शिकलेला, जिलेबी तोंडात असतानाच म्हणाला, "काकू, तुम्ही उगाच इमोशनल होऊन राहिल्या. इंग्रज लढाईत कंगाल झाले अन् निघून गेले. आपल्याला स्वातंत्र्य आयतं भेटलं."

दुपारी जेवण गेलं नाही मला. म्हणून लिहितेय.

आयतं? नागपुरात राहून आयतं? ज्या सिव्हिल लाइन्समधून तू रोज गाडी उडवत ऑफिसला जातोस ना बाबा, तिथून 1923 साली चरख्याचा झेंडा न्यायला बंदी होती. 1 मेपासून तुकड्या निघायच्या आणि पकडल्या जायच्या. जमनालाल बजाज आत गेले, मग वल्लभभाई आले. गुजरातेतून, बिहारातून माणसं आगगाडीत बसून आपल्या गावी तुरुंगात जायला यायची. दीड हजाराच्या वर लोक आत गेले. 18 ऑगस्टला झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला, तेव्हा कुठे थांबले. एवढ्याशा रस्त्यासाठी! (आज तिथला सिग्नल आपण पाळत नाही, तो विषय वेगळा.) त्याच्याही आधी, डिसेंबर 1920 मध्ये, इथल्याच अधिवेशनात असहकारावर शिक्कामोर्तब झालं आणि काँग्रेसची वर्गणी चार आणे ठरली. चार आण्यांत गिरणीतला माणूसही सभासद. तोवर हे काम कोट घालणाऱ्यांचंच होतं की.

युद्धानं ब्रिटन खंगलं होतं, मान्य. तिथं अॅटलींचं सरकार आलं नसतं तर आणखी काही वर्षं गेली असती, तेही मान्य. पण खिशात पैसा नाही म्हणून कोणी दुसऱ्याचं घर सोडतो का? उलट जास्तच चिकटून बसतो. घरातली माणसं ऐकेनाशी झाली की मग सोडतो. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईला नौदलाचे खलाशीच उलटले. ज्यांच्या जिवावर राज्य करायचं, तेच हात वर करून मोकळे. मग काय राहिलं?

आता घरातलं सांगते. माझे आबाजी, म्हणजे आजोबा, सेक्रेटरिएटमध्ये कारकून. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, सरकारी नोकरी म्हणजे सोन्याची कोंबडी. त्यांचा सख्खा भाऊ, आमचे लहान आबाजी, बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये तारा तोडायला गेले आणि पकडले गेले. आबाजींना साहेबानं बोलावलं. म्हणाला, लिहून दे, या माणसाशी माझा काही संबंध नाही. आबाजींनी लिहून दिलं. नोकरी वाचली. त्या पगारात दोन घरं जेवली, कारण लहान आबाजींची बायको आणि दोन पोरं आमच्याकडेच होती.

लहान आबाजी सुटून आले आणि त्यांना हे कळलं. त्यानंतर त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. बायको-पोरांना घेऊन महाल भागात खोली केली.

लहान होते तेव्हा मला आबाजींचा राग यायचा. आजही थोडा येतो. त्याच महिन्यात, 16 ऑगस्टला, चिमूर-आष्टी ही गावं पेटली होती, माणसं गोळ्या खाऊन पडली होती. शंकर महाले नावाच्या कोवळ्या पोराला 19 जानेवारी 1943 ला इथल्याच जेलमध्ये फाशी दिली. आणि आमचे आबाजी त्याच गावात सकाळी दहाला दौत भरत होते! चिमूरला लोकांनी मारलेले अधिकारी आपलेच होते, साहेब नव्हते, हे मला कोणी सांगू नका, माहीत आहे. आबाजींची झोप त्यानंच उडाली होती, असं आजी सांगायची.

आणि मग 15 ऑगस्ट 1947. इथले गव्हर्नर बोर्न गेले, मंगलदास पकवासा आले. रविशंकर शुक्लांचं मंत्रिमंडळ 1946 पासून होतंच. दिल्लीत चौदा जणांचं मंत्रिमंडळ, त्यात काँग्रेसशी उभा दावा मांडलेले बाबासाहेबही आणि श्यामाप्रसाद मुखर्जीही. आज असं कोणी करून दाखवावं! बाकी कायदा मात्र 1935चाच, थोडी डागडुजी केलेला. आबाजी सांगायचे, सोळा तारखेला तेच टेबल, तीच फाइल, तोच चपराशी. फक्त पत्राच्या खाली सही कोणाची, एवढं बदललं. मला हे ऐकून वाईट वाटायचं. एवढ्यासाठीच का सगळं? आता वाटतं, फाळणीच्या त्या रक्तबंबाळ महिन्यांत रेशन, टपाल, निर्वासितांची यादी, हे कोणी तरी रोज लिहीतच होतं ना. तुरुंगात गेलेले सगळेच बाहेर येऊन फाइली लिहायला बसले असते तर... जाऊ द्या. मी कोणाची बाजू घेतेय, मलाच कळेना. लहान आबाजींनी हे वाचलं असतं तर माझ्याही घरचं पाणी सोडलं असतं.

त्या पंधरा ऑगस्टला लहान आबाजी आले होते, बरं का. हातात कागदी झेंडा, दारातच उभे. माझ्या बाबांना, तेव्हा ते सहा वर्षांचे, पुड्यातली जिलेबी दिली आणि आत न येता गेले. आबाजी आतल्या खोलीत कोट घालत होते. आजीनं "भाऊजी आले होते" सांगितलं. ते म्हणाले, "हं." आणि ऑफिसला गेले.

पंचवीस वर्षांनी, 1972 मध्ये, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. लहान आबाजी म्हणाले, मला भीक नको. वहिनीनं, म्हणजे माझ्या आजीनं, दटावलं तेव्हा तयार झाले. पण अर्ज कोण लिहिणार? जेलचे दाखले कुठून काढायचे, कोणाला भेटायचं, ते येतं कोणाला? घरात एकच कारकून.

त्या अर्जाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. अक्षर आबाजींचं, मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. सोबतच्या पत्रात शेवटी लिहिलंय: अर्जदार माझा सख्खा भाऊ असून त्यास मी जन्मापासून ओळखतो.

तिसऱ्या माळ्यावरच्या पोराला उद्या चहाला बोलावलंय. कागद दाखवीन. जिलेबी मात्र नाही देणार.